मोजणीबाहेरचे कांगारू

ऑस्ट्रेलियातली कांगारूंची व्यापारी शिकार रात्री चालते. दिवसभर झुडपांच्या सावलीत पडून राहिलेले कळप ऊन उतरल्यावर चरायला निघतात, आणि त्याच सुमारास परवानाधारक शिकारी आपली उघड्या हौद्याची गाडी बाहेर काढतो. टपावर झोताचा दिवा, हौद्यावर लोखंडी आकड्यांची चौकट, हाताशी दुर्बीण बसवलेली रायफल. झोत अंगावर पडला की कांगारू थबकतो, मान उंचावून पाहतो. तेवढ्या दोन-चार क्षणांत गोळी थेट मेंदूत गेली पाहिजे, असा नियम आहे. मेलेले जनावर तिथेच फाडून आतडी काढतात, धडाला टॅग लावतात, आकड्याला टांगतात आणि जवळच्या गावातल्या चिलरमध्ये, म्हणजे शीतपेटीत, नेऊन देतात. पैसे वजनावर मिळतात. चिलरपासून पुढे सगळ्याची नोंद असते: जात, नर की मादी, वजन, कुठल्या भागातून आला, कुणी मारला. चिलरच्या अलीकडे जे काही घडते त्याला साक्षीदार बहुधा एकच असतो, आणि तोच मारणारा असतो.

या व्यापाराला होणारा विरोध समजून घ्यायचा असेल तर सुरुवात या दोन टोकांमधल्या अंतरापासून करावी, असे मला वाटते. प्राणिदयेची भाषा, देशाच्या बोधचिन्हाचा अपमान, फुटबॉलचे बूट, हे सगळे नंतर.

मराठी वाचकाची कांगारूशी गाठ पडते ती मुख्यतः वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर. तिथे भारताने सामना जिंकला की ‘कांगारूंची शिकार’ झालेली असते. सरकारी रुग्णालयांत कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायच्या पद्धतीलाही आपण कांगारूचेच नाव घेतो. त्यामुळे आपल्याकडे एक समज सहज रुजला आहे की, ज्या देशाच्या राजचिन्हावर आणि विमानांच्या शेपटीवर हा प्राणी आहे, तिथे त्याला मोराइतके संरक्षण असणार. प्रत्यक्षात तांबडा कांगारू, पूर्वेकडचा करडा, पश्चिमेकडचा करडा आणि खडकाळ भागातला वॉलरू या चार जातींची शिकार क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स, दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि 2019पासून व्हिक्टोरिया या राज्यांत कायदेशीरपणे, कोटा ठरवून होते. टास्मानियात वॉलबींचा लहानसा व्यापार आहे. मांस माणसांच्या आणि कुत्र्यामांजरांच्या पोटात जाते, कातडे बूट-हातमोज्यांत. जमिनीवरच्या वन्य सस्तन प्राण्यांची व्यापारासाठी इतक्या मोठ्या प्रमाणावर शिकार करणारा दुसरा देश दाखवता येणे कठीण आहे.

याची मुळे वसाहतीच्या काळात आहेत. मेंढपाळ आत आत सरकले. त्यांनी जमिनीतले पाणी बोअरने वर काढले, झाडी तोडून गवत वाढवले आणि मेंढ्या वाचवण्यासाठी डिंगो या रानकुत्र्यांना गोळ्या आणि विष घालून संपवले. आग्नेय भागातून डिंगोंना बाहेर ठेवण्यासाठी घातलेले कुंपण आजही पाच हजार किलोमीटरहून लांब आहे. पाणी, गवत आणि वैऱ्याचा अभाव अशी सोय करून दिल्यावर मोठ्या कांगारूंनी काही भागांत तिचा फायदा घेतला, आणि मग तेच गुन्हेगार ठरले. क्वीन्सलँडने 1877मध्ये कांगारू-वॉलबींच्या नाशासाठी खास कायदा केला आणि मारलेल्या जनावरामागे बक्षीस लावले. 1930पर्यंत त्या एका राज्यात अडीच कोटींहून अधिक जनावरांची बक्षिसे दिली गेली.

मोठ्या जाती त्यातून तरल्या, लहान सगळ्या तरल्या नाहीत. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यातली टूलाश वॉलबी अतिशय देखणी आणि चपळ होती. तिच्या मऊ कातड्याला मागणी होती आणि तिचा पाठलाग करणे हा करमणुकीचा खेळ होता. दलदली आटवून शेती झाली, कोल्हे आले, आणि 1920च्या दशकात ती रानातून नाहीशी झाली. उरलेली एक 1939पर्यंत पिंजऱ्यात जगली.

हा इतिहास विरोधक वारंवार सांगतात. मात्र त्याचा धागा थेट आजच्या कोट्याला जोडून ‘कांगारू नामशेष होणार’ असे म्हणणारे मला पटत नाहीत. टूलाश वॉलबीला कोटा नव्हता, मोजणी नव्हती, कायदा नव्हता. आज हे सगळे आहे. मोठ्या भूभागावरून ठरावीक रेषांत विमाने आणि हेलिकॉप्टरे उडवून कळप मोजतात, निरीक्षकाच्या नजरेतून सुटलेल्यांसाठी आकडा गणिताने वाढवून घेतात, आणि येणाऱ्या एकूण संख्येच्या साधारण 15 ते 20 टक्के इतका कोटा राज्ये ठरवतात. त्या योजनांना केंद्र सरकारची मंजुरी लागते. पद्धतीबद्दल शंका घ्यायला जागा आहे. वाढवून घेण्याचा तो गुणक चढा लागला तर सबंध आकडा फुगतो, आणि एका प्रचंड विभागाची सरासरी काढली की एखाद्या खोऱ्यातून कांगारू पार दिसेनासा झाल्याचे त्यात उमटत नाही. पण चार-पाच कोटींच्या घरातली संख्या उद्या शून्यावर येणार असे सांगणारा कार्यकर्ता पुढच्या पावसाळ्यानंतर तोंडघशी पडतो, आणि त्याच्याबरोबर त्याचे खरे मुद्देही पडतात. उद्योगाला यापेक्षा सोयीचा विरोधक मिळणार नाही.

खरे मुद्दे वेगळे आहेत. त्यांतला पहिला पिल्लांचा.

कांगारूचे पिल्लू जन्मते तेव्हा राजम्याच्या दाण्याएवढे असते. ते आईच्या अंगावरून सरपटत पिशवीत शिरते, आचळ तोंडात धरते आणि पुढचे काही महिने सोडत नाही. तांबड्या कांगारूत ते सुमारे आठ महिन्यांनी पिशवीतून कायमचे बाहेर येते, करड्यात आणखी उशिरा. बाहेर आले तरी पिशवीत डोके खुपसून दूध पिणे वर्षाच्या पुढेही चालू असते. तांबड्या कांगारूत दरम्यान पिशवीत दुसरे आलेले असते, आणि त्याच्या मागे गर्भाशयात एक भ्रूण वाढ थांबवून वाट पाहत असतो. पुढची जागा मोकळी झाली की त्याची वाढ सुरू होते. भरवशाचा पाऊस नसलेल्या प्रदेशात वंश टिकवण्याची ही विलक्षण तोड आहे. तिचा दुसरा अर्थ असा की, अशी एक प्रौढ मादी पडली तर मागे तीन वयांचे तीन जीव लटकतात.

नियमावलीने हे गृहीत धरले आहे. पिशवीतल्या पिल्लाला डोक्यावर एकच जोरदार आघात करून मारावे आणि आईसोबत हिंडणाऱ्याला गोळी घालावी, अशी राष्ट्रीय संहितेची सूचना आहे. ती वाचताना अंगावर काटा येतो, पण सूचनेमागचा हेतू दयेचाच आहे, कारण आईविना ती पिल्ले थंडीने, भुकेने किंवा कोल्ह्याच्या तोंडी मरतात. अडचण अंमलबजावणीची आहे. गोळीच्या आवाजाने बिथरून अंधारात पळालेल्या पिल्लाचा माग काढायला वजनावर पैसे मिळवणारा माणूस किती वेळ घालवील? पिल्लाला वजन नाही, टॅग नाही, भाव नाही. कोट्यात त्याची गणना नाही. टीकाकारांचे अंदाज वर्षाला काही लाख पिल्लांचे आहेत, आणि ते अंदाजच राहणार, कारण कुणी मोजलेलेच नाही. गेल्या काही वर्षांत मोठ्या प्रक्रिया-कंपन्यांनी बहुतांश नरच घ्यायचे धोरण धरले. हे विरोधाचेच यश आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवे. त्यावर मोठे नर काढून घेतल्याने कळपाचे बीज दुबळे होईल, अशी नवी तक्रार पुढे आली. सध्याच्या प्रमाणात तसे घडत असल्याचा ठोस पुरावा माझ्या वाचनात नाही. ती तक्रार मी बाजूला ठेवतो.

दुसरा मुद्दा नेम चुकण्याचा. ऑस्ट्रेलियातल्या आरएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेने 2002च्या अहवालात चिलर आणि कारखान्यांत आलेली धडे तपासली. सुमारे 96 टक्के कांगारू डोक्यात गोळी लागून मेले होते. उद्योग हा आकडा अभिमानाने सांगतो. पण डोक्याऐवजी छातीत किंवा पोटात गोळी लागलेले धड कारखाना नाकारतो, हे शिकाऱ्याला पक्के ठाऊक असते. मग ते तो गाडीत घालून आणील कशाला? ते झुडपातच राहते. जखमी होऊन निसटलेला कांगारू तर कुठल्याच यादीत येत नाही. म्हणजे जिथे चूक पोचूच शकत नाही अशा जागी बसून चुका मोजायच्या, असा हा प्रकार. न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळ समितीने 2021मध्ये कांगारूंच्या स्थितीची चौकशी केली, तेव्हा प्रत्यक्ष मारण्याच्या जागी देखरेख कमी पडते हा निष्कर्ष तिच्या अहवालात आला. शिकाऱ्यांना मी क्रूर म्हणणार नाही. त्यांतले अनेक जण निष्णात नेमबाज आहेत, परीक्षा देऊन परवाना मिळवलेले आहेत. ओसाड मुलुखात रात्र-रात्र एकट्याने राबून त्यांच्या हाती फारसे पडतही नाही. दोष त्या रचनेचा आहे, जी त्यांच्या सचोटीवर सगळा भार टाकते आणि मग त्या सचोटीला वजनकाट्याशी भांडायला लावते.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो सहसा शेवटी, घाईघाईत मांडला जातो. मध्य ऑस्ट्रेलियात ऋतूंचे वेळापत्रक नाही. चांगली वर्षे आली की कांगारू वाढतात, दुष्काळ पडला की कोसळतात. 1982-83च्या दुष्काळात न्यू साउथ वेल्सच्या मेंढपाळ पट्ट्यातली संख्या सुमारे 40 टक्क्यांनी घटली होती. बाजाराला असले चढउतार चालत नाहीत. त्याला दर आठवड्याला ठरलेले टन हवेत, कारखान्यातल्या कामगारांना रोज काम हवे, युरोपातल्या गिऱ्हाइकाला वेळेवर माल हवा. शेतीचे नुकसान टाळण्यासाठी मारायचे असेल तर नुकसान असेल तेव्हाच आणि तिथेच मारावे लागेल. व्यापारासाठी मारायचे असेल तर मागणी असेल तेव्हा मारावे लागते.

हे तर्काने सांगायची गरज नाही, गेल्या वीस वर्षांचे आकडेच सांगतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वर्षाला तीसेक लाख कांगारू मारले जात होते. मांसाच्या निर्यातीतला सिंहाचा वाटा रशियाकडे जाई. 2009मध्ये जंतुसंसर्गाचे कारण देऊन रशियाने आयात बंद केली. पुढे काही काळ दार किलकिले झाले, 2014मध्ये पुन्हा बंद. मारल्या जाणाऱ्यांची संख्या खाली आली आणि पुढच्या दशकात पंधरा लाखांच्या आसपास रेंगाळली. कोटा मात्र याच्या तिप्पट-चौपट होता. कांगारू पिकांना आणि कुरणांना असह्य झाले म्हणून ही शिकार, असे जर असेल, तर मॉस्कोतल्या एका हुकमाने ती निम्म्यावर यायचे कारण काय होते? शेतकऱ्याची अडचण तर तीच होती, तेवढीच होती.

उलट बाजूचा सर्वांत दमदार युक्तिवाद प्राणिशास्त्रज्ञ गॉर्डन ग्रिग यांचा. 1980च्या दशकात त्यांनी मांडले की, ऑस्ट्रेलियाची पातळ माती मेंढ्यांच्या खुरांनी उखडली जाते. कांगारूचे पाय मऊ, पाण्याची गरज कमी. तेव्हा कांगारूच्या मांसाला चांगला भाव मिळवून दिला तर मेंढपाळ मेंढ्या कमी करतील, जमीन सावरेल. पुढे हवामानबदलाची चर्चा सुरू झाली तेव्हा या विचाराला नवे बळ मिळाले. कांगारू गाईमेंढ्यांच्या तुलनेत फारच थोडा मिथेन सोडतो, आणि अर्थतज्ज्ञ रॉस गार्नो यांच्या 2008च्या हवामान अहवालातही कांगारूकडे वळण्याची शक्यता तपासली गेली. हा युक्तिवाद टर उडवून निकालात काढता येणार नाही. पर्यावरणाची खरी काळजी असलेली माणसे या प्रश्नावर दोन तटांत विभागली आहेत ती यामुळेच.

तरीही तो कागदावरच राहिला, आणि का राहिला हे बघण्यासारखे आहे. कांगारू जमीनमालकाच्या मालकीचा नसतो, तो राज्याचा. मारल्यावर पैसे मिळतात शिकाऱ्याला आणि कारखान्याला. ज्याच्या रानात तो चरला त्याच्या हातात सहसा काहीच पडत नाही. मग त्याने मेंढ्या कुठल्या आशेवर विकाव्यात? ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्या 1970च्या 18 कोटींवरून घटल्या हे खरे, पण त्या लोकरीचा भाव कोसळल्यामुळे घटल्या. शिवाय मूळ हिशेबातला एक आकडाही हलला. न्यू साउथ वेल्समधल्या फाउलर्स गॅप इथल्या संशोधनात असे आढळले की, तांबड्या कांगारूला लागणारा चारा मेंढीच्या निम्म्याहूनही कमी असतो. त्याआधीच्या गणितात तो कितीतरी अधिक धरलेला होता. मेंढी आणि कांगारू एकाच घासासाठी भांडतात ते मुख्यतः दुष्काळात. शत्रू म्हणून उभा केलेला कांगारू कागदावर होता त्यापेक्षा बराच कमी खात होता तर.

मूळ रहिवाशांचा आवाज या वादात दोन्ही बाजूंनी वापरला जातो, बहुधा त्यांना न विचारता. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पित्जांत्जात्जारा लोकांत तांबडा कांगारू, त्यांचा ‘मालू’, कसा मारायचा, खड्ड्यात कसा भाजायचा, कुठला तुकडा कुणाला द्यायचा याचे कडक विधिनियम आहेत. शिकार तिथे निषिद्ध नाही. वाटणीशिवायची शिकार निषिद्ध आहे. आग्नेय किनाऱ्यावरच्या युइन लोकांतले ज्येष्ठ मॅक्स डुलुमुनमुन हॅरिसन यांनी कुलचिन्ह असलेल्या या प्राण्याच्या व्यापाराविरुद्ध आयुष्याच्या अखेरपर्यंत बोलणे सोडले नाही. दुसरीकडे या उद्योगात आपल्यालाही वाटा हवा असे म्हणणारे समूह आहेत. एका खंडावरच्या शेकडो समाजांनी एकच मत द्यावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता तो प्रश्न, जो विरोधकांना अडचणीत आणतो. व्यापार थांबला तर मारणे थांबेल का? थांबणार नाही. जमीनमालकाला नुकसानीच्या कारणाने मारण्याचा परवाना वेगळा मिळतो. त्यात नेमबाजीची परीक्षा सगळीकडे लागत नाही, धड तिथेच कुजते, नोंद आणखी सैल असते. कॅनबेरासारख्या शहराभोवती सरकार स्वतः दरसाल कांगारू मारते, आणि त्यात व्यापाराचा संबंध नसतो. प्रशिक्षित शिकाऱ्याची एक गोळी की चिडलेल्या शेतकऱ्याच्या चार गोळ्या, असे विचारले की पुष्कळ प्राणिप्रेमी गप्प होतात.

विदर्भातल्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. रोही आणि रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलेले पीक ज्याने पाहिले आहे, त्याला कांगारूवर चिडलेला क्वीन्सलँडचा पशुपालक लगेच समजेल. 2016मध्ये चंद्रपुरात 53 रानडुकरे मारल्याचा दाखला देऊन मनेका गांधी यांनी आपल्याच सरकारातले पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यावर जाहीर टीका केली, तेव्हा शेतकरी संघटना आणि प्राणिमित्र आमनेसामने आले होते. पण त्या कडाक्याच्या भांडणातही एक गोष्ट कुणी मागितली नाही: मारलेल्या डुकराच्या मांसाची बाजारपेठ. आपल्या कायद्याने वन्यप्राण्याला मारण्याची परवानगी आणि त्याचा व्यापार यांच्यात भिंत घातली आहे. तिच्यामुळे शेतकऱ्याची अडचण सुटत नाही, भरपाई वेळेवर मिळत नाही, हे सगळे खरे. तरी उद्या रोही कमी झाले तर कुणाचा कारखाना बंद पडेल म्हणून ते मारत राहावे लागणार नाहीत. ऑस्ट्रेलियात ती भिंत नाही, आणि कांगारूंची खरी तक्रार, त्यांना करता आली असती तर, बहुधा हीच असती.

चळवळीला यश आले ते देशात कमी, परदेशात जास्त. ब्रिटनमध्ये व्हिवा या संघटनेच्या मोहिमेनंतर 1990च्या दशकात मोठ्या दुकानसाखळ्यांनी कांगारूचे मांस फळ्यांवरून हटवले. अमेरिकेने 1974मध्ये तीन मोठ्या जातींना धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातले होते आणि 1995मध्ये काढले. कॅलिफोर्नियाची स्वतःची बंदी मात्र 1970च्या दशकापासून होती. तिच्यावरून व्हिवाने आदिदासला कोर्टात खेचले. 2007मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने संघटनेच्या बाजूने कौल दिला. उद्योगाने लगेच विधिमंडळातून तात्पुरती सवलत मिळवली, ती 2015 संपताना संपली, आणि 2016पासून बंदी परत लागू झाली.

मूळ भांडण बुटांचे होते. कांगारूचे कातडे पातळ असूनही चिवट असते, कारण त्यातले तंतू पृष्ठभागाला समांतर धावतात. चेंडूचा स्पर्श पायाला जाणवतो. आदिदासचा कोपा मुंडियाल हा बूट फुटबॉलपटूंच्या पिढ्यांनी याच कातड्यासाठी नावाजला. डेव्हिड बेकहॅमने 2006च्या सुमारास ते कातडे सोडले तेव्हा ती बातमी झाली. मार्च 2023मध्ये पुमा आणि नायके या दोघांनी ते वापरणे थांबवणार असल्याचे जाहीर केले, आणि 2025मध्ये आदिदासनेही ते विकत घेणे बंद केल्याचे सांगितले. यात नैतिक जागृती किती आणि कृत्रिम धाग्यांची प्रगती किती, याबद्दल मी फार भाबडा नाही. खेळाडू ज्या बुटांनी गोल करतात ते आता बव्हंशी प्रयोगशाळेत विणलेले असतात.

बुटांचा बाजार आटल्याने कातड्याचा भाव पडेल; मांसाला युरोप अजून उघडा आहे, आणि पाळीव प्राण्यांच्या खाद्याला देशातच गिऱ्हाईक आहे. उद्योग आता मांसाचे पोषणमूल्य आणि कमी कार्बन यांची जाहिरात करतो आहे, तर चळवळ युरोपियन संघाकडे आयातबंदी मागते आहे. पुढच्या पानांतले लेखक या टप्प्यावर एकमेकांशी सहमत नाहीत. काहींना पूर्ण बंदी हवी आहे, काहींना मारण्याच्या जागी स्वतंत्र निरीक्षक आणि गाडीवर कॅमेरा एवढ्याने सुरुवात करायची आहे, आणि एकाला तर ग्रिग यांची योजना जमीनमालकांना वाटा देऊन पुन्हा करून पाहावीशी वाटते. मी पहिल्या गटाच्या जवळ आहे, पण कॅमेऱ्याची मागणी आधी मान्य व्हावी असे मला वाटते, कारण ती नाकारताना उद्योगाला काय कारण द्यावे लागते ते ऐकायला मला आवडेल.